तिसऱ्यांदा सोडलेलं कबूतर

दर रविवारी सकाळी ग्विलिम बेवन ओंडके चिरायच्या करवतखड्ड्यावरच्या आडव्या ओंडक्यावर उभा राहायचा आणि चार माणसांना देव सांगायचा. खड्ड्यासमोर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. पुढच्या फळीवर मार्गेड बसायची. ती गावात लोकांचे कपडे धुणारी विधवा; एका कानानं बहिरी, पण उरलेल्या कानानं सगळ्या वसाहतीचं ऐकून ठेवणारी. मागच्या फळीवर शोनी नावाचा म्हातारा खाणकामगार आणि कोळसा पाडणारे दोन भाऊ. संपला सभामंडप. त्यापलीकडे जाराच्या झाडांचं रान, लाल माती, आणि माणसांची अजिबात पर्वा नसलेले काळे काकाकुवे.

पाचही जण वेल्समधले. शिक्षा होऊन जहाजातून जगाच्या या टोकाला आलेले, नाहीतर शिक्षा झालेल्या माणसामागून आलेले. आठवडाभर इंग्रजीत शिव्या खायच्या, हुकूम ऐकायचे, आणि रविवारी दोन तास आपल्या भाषेत बसायचं, एवढंच काय ते त्यांचं सुख. बेवननं पन्नाशीला आल्यावर आपल्या भावाला घराबाहेर काढणाऱ्या जमीनदाराच्या गवताच्या गंज्या पेटवल्या होत्या. त्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्यातली नऊ भरल्यावर त्याला तुरुंगाबाहेर राहून काम करण्याचा परवाना मिळाला. परवान्यावर हद्द लिहिलेली होती: पूर्वेला कुरालिन ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडला की परवाना रद्द आणि परत बेड्या.

त्यांच्या मुलखात प्रवचन नुसतं बोलत नाहीत. बोलता बोलता उपदेशकाचा स्वर वर चढतो, शब्दांना आपोआप चाल लागते, गद्याचं गाणं कधी झालं ते सांगणाऱ्यालाही कळत नाही. ऐकणारे मधूनच ‘धन्य! धन्य!’ म्हणून साथ देतात, आणि त्या साथीवर तो आणखी वर जातो. तिकडे म्हणतात, शीड भरलं. शीड बांधणं माणसाच्या हातात असतं. वारा मात्र धाडणारा धाडतो.

बेवनचं शीड चार वर्षं कोरडं लोंबत होतं. बायको ग्वेनल्यान तिकडे मायदेशी वारली आणि ते कळवणारं पत्र सात महिन्यांनी इकडे पोचलं, त्या दिवसापासून. म्हणजे सात महिने तो रोज तिच्यासाठी प्रार्थना करत होता आणि ती ऐकायला नव्हतीच. तेव्हापासून तो प्रवचन सांगायचा, नीट सांगायचा, पण गाणं काही यायचं नाही. चौघं समजूतदार. एकदाच मार्गेड म्हणाली होती, “बेवन, तुझं प्रवचन हल्ली कांजी केलेल्या शर्टासारखं झालंय. स्वच्छ आहे रे, पण आत माणूस नाही.”

मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी, तो असाच कोरडं कोरडं बोलत असताना, रानातून आवाज आला.

“धन्य!”

चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. कुणीच तोंड उघडलं नव्हतं. आवाज आला होता पूर्वेकडच्या पडलेल्या ओंडक्याकडून. जाराचं जुनं झाड होतं ते, आतून पोकळ, उभं शिरता येईल एवढं मोठं. आणि शब्दावरचा जोर असा होता की बेवनचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्याच्या आईच्या खोऱ्यातला जोर होता तो. घसा मात्र बसलेला, सर्दीनं खरखरणारा.

त्यानं वाक्य पुढे नेलं. “धन्य!” परत आवाज आला. आणि बेवनला कळायच्या आत त्याच्या वाक्याला चाल लागली, चार वर्षांनी शीड फडफडलं आणि भरलं. शोनी रडला. मार्गेडनं चांगला कान पुढे केला. त्या दिवशी प्रवचन संपलं तेव्हा ओंडक्यात कुणी नव्हतं. नुसतं दबलेलं गवत.

कोण ते विचारायची गरज नव्हती. सगळ्या वसाहतीत तेव्हा एकच माणूस फरार होता.

इदवल प्रॉसर. लोक त्याला ‘वाम’ म्हणत, कारण वाम माशासारखा तो हातात राहत नसे. चार वेळा पळाला, चार वेळा धरला गेला, आणि आता पाचव्यांदा पळाला होता. मटणाची चरबी चोळून त्यानं बेडीतून पाय काढला होता. चंदनाच्या गाडीत ओंडक्यांखाली पडून पहारेकऱ्याच्या नाकासमोरून गेला होता. एकदा तर भर कचेरीतून न्यायाधीशाचाच झगा अंगावर घालून सलाम घेत बाहेर पडला, असं सांगत. गुत्त्यात त्याची गाणी म्हणत. पोरी त्याला सात फूट उंच करत, पोरं आठ. शेतकऱ्यांच्या बायका कुंपणाच्या खांबावर राखेत भाजलेली जाड रोटी आणि चहाची पूड ठेवत आणि सकाळी ती नाहीशी झाली की कोल्ह्याकुत्र्याला श्रेय न देता वामला देत.

बेवनला तो किती उंच ते ठाऊक नव्हतं. त्यानं त्याला कधी पाहिलाच नाही. त्याच्यासाठी वाम म्हणजे एक बसलेला घसा होता. पण दर रविवारी तो घसा यायचा, एकाच शब्दासाठी. बेवन शनिवारी अर्धी रोटी आणि तंबाखूची चिमूट ओंडक्यापाशी ठेवून यायचा. एका रविवारी पाहतो तर पुढच्या फळीचा डुगडुगणारा पाय घट्ट बसलेला. खाली पाचर ठोकली होती. बेडीची तुटकी कडी. बेवननं गुडघ्यावर बसून ती कडी बोटानं चाचपली. मग त्यानं तिच्यावर माती सारली.

त्या दिवसांत बेवन सुखात होता असं म्हटलं तर खोटं होणार नाही. आठवडाभर करवत ओढताना तो मनात प्रवचन जुळवायचा, आणि जुळवताना म्हणायचा, इथं त्याचा ‘धन्य’ येईल. आणि बरोबर तिथंच यायचा.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका शुक्रवारी सार्जंट अम्बलर घोड्यावरून आला. हा यॉर्कशरचा, तांबड्या मिशांचा, वाईट नसलेला माणूस. त्याच्याबरोबर माग काढणारा एक रानातला माणूस होता. पोलिसांनी त्याला जॉर्जी नाव दिलं होतं. त्याचं खरं नाव अम्बलरनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

“काय म्हाताऱ्या,” अम्बलर घोड्यावरूनच म्हणाला, “लाकूड बरं चाललंय?”

“लाकूड मेलेलंच असतं साहेब, त्याचं काय चालायचंय.”

“आणि प्रवचन?”

बेवननं करवत खाली ठेवली.

“मी सोमवार मोजले,” अम्बलर म्हणाला. “वामला आम्ही चार वेळा धरला. चारही वेळा सोमवारी. चारही वेळा तुझ्या खड्ड्यापासून सहा मैलांच्या आत. जगात जायला एवढी जागा असताना हा बेटा फिरून फिरून इथंच का मरायला येतो? मी डोकं खाजवलं. मग मागच्या रविवारी मी वाऱ्याच्या बाजूनं येऊन टेकाडापलीकडे बसलो. तू गात होतास, आणि ओंडक्यातून कुणीतरी साथ देत होतं.”

बेवननं मनात मोजलं. चारही वेळा? म्हणजे ओंडक्यातून पहिला ‘धन्य’ येण्याआधीपासून? कोरड्या, कांजीच्या प्रवचनांनासुद्धा तो येऊन बसत होता, मुकाट? बेड्या तोडून, मार खाऊन, दर वेळी?

“ऐक,” अम्बलर म्हणाला. “या रविवारी मी तुझ्या फळीवर बसणार. साधा कोट घालून. माझे दोन शिपाई पहाटेपासून गवतात असतील, एक ओढ्याच्या बाजूला, एक रस्त्याच्या. तू नेहमीसारखं गायचंस. तो येईल. तू शेवटचा आशीर्वाद म्हटलास की मी शिट्टी मारीन.”

“आणि मी गायलो नाही तर?”

“तर तुझा परवाना माझ्या खिशात आणि तू तुरुंगात. आजारी पडलास तरी तेच. मीही प्रार्थनागृहात वाढलेला माणूस आहे, बेवन. देवाचं काम चालू असताना मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही, आईला वचन आहे माझं. पण आशीर्वाद झाला की देवाचं काम संपलं, राणीचं सुरू.”

तो गेला. बेवन शनिवारभर विचार करत राहिला. ओंडक्यापाशी रोटी ठेवू नये असं ठरवलं आणि ठेवून आला. नाही ठेवली तर त्याला कळेल काहीतरी बिघडलंय. हे खरं तर चांगलंच. तरी ठेवली. आपण असं का केलं ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नाही. सांगायची लाज वाटली, असं म्हणू.

रविवारी सकाळीच लोखंड तापावं तसं रान तापलं होतं. अम्बलर साध्या कोटात येऊन नेमका पुढच्या फळीवर, त्या पाचर मारलेल्या पायाच्या बाजूला बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मार्गेडनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पाहुणे, भाषा कळते का आमची?”

“नाही बाई. चाल आवडते.”

“मग सरकून बसा. चालीला जागा लागते.”

बेवन खड्ड्यावरच्या ओंडक्यावर उभा राहिला. उंचावरून त्याला सगळं दिसत होतं: रस्त्याकडच्या झुडपात शिपायाचा बूट, पूर्वेला, पोकळ ओंडक्यामागच्या झाडाखाली, दुसऱ्या शिपायाची पांढरी टोपी. त्यानं डोळे मिटले आणि प्रलयाच्या गोष्टीला हात घातला. सगळी पृथ्वी बुडालेली, पाण्यावर एकच तारू, आणि तारवात एक म्हातारा. म्हातारा खिडकी उघडतो आणि कबूतर सोडतो.

“धन्य!”

आला होता. अम्बलरच्या मिशा हलल्या. त्यानं खिशातल्या शिट्टीला हात लावला आणि तिथंच ठेवला.

बेवन गाऊ लागला. कबुतराला पाय टेकायला जागा मिळाली नाही. ते परत आलं. आणि म्हाताऱ्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, त्याला हातावर घेतलं, आत आणलं. शीड भरलं ते असं की मार्गेडच्या अंगावर काटा आला. त्यानं तो हात किती वेळा बाहेर काढला असेल! दमलेलं पाखरू, त्याच्या छातीतली धडधड, पंखांवरचं खारं पाणी. एकेका पिसावर त्यानं एकेक कडवं रचलं. आणि प्रत्येक कडव्यापाशी ओंडक्यातून साथ आली, बरोबर जिथं यायला हवी तिथं.

दीड तास झाला. सावल्या आखडल्या. अम्बलरनं कॉलर सैल केली आणि मार्गेडकडे वाकला.

“बाई, अजून किती?”

“अजून पहिलंच पाखरू चाललंय साहेब. तीन आहेत.”

“तीन?”

“आमच्याकडे हे लहान प्रवचन म्हणतात.”

बेवनला ठाऊक होतं आपण काय करतोय. आशीर्वाद म्हटला की शिट्टी. म्हणून थांबायचं नाही. पण पळ म्हणायचं तर पूर्वेकडे शिपाई जागा. म्हणून म्हणायचंही नाही. गात राहायचं, बस. किती सोपं. त्यानं दुसरं पाखरू सोडलं, तेही परत आणलं, चोचीत कोवळं पान घेऊन आणलं, आणि पुन्हा हातावर घेतलं.

दुपारी समुद्राकडून वारा सुटला. रान हललं. आणि पूर्वेकडच्या झाडाखालची पांढरी टोपी हळूच कलली, घरंगळली, गवतात पडली. टोपीखालचा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. पहाटेपासून उन्हात बसलेला, वरून हे न कळणारं गाणं.

वाट मोकळी होती.

आता बोलायचं. आता तिसरं पाखरू सोडायचं. बेवननं तोंड उघडलं आणि दुसऱ्याच पाखराचं आणखी एक कडवं म्हटलं.

“धन्य!”

आणखी एक म्हटलं. मग आणखी एक. वेळ चालला होता, शिपाई कूस बदलत होता, आणि बेवन दुसऱ्या कबुतराला सोडत नव्हता. चाळीस वर्षं त्यानं लोकांना ‘ये’ म्हणून सांगितलं होतं. दमलेल्या जिवा, ये. चुकलेल्या जिवा, ये. ‘जा’ हा शब्द त्याच्या प्रवचनात कधी आलाच नव्हता. पण खरं कारण ते नव्हतं, आणि गाता गाता, डोळे मिटलेले असताना, देवानं त्याला ते खरं कारण दाखवलं. हा गेला तर साथ जाईल. परत ते कोरडं शीड. परत नुसती करवत. सात महिने मेलेल्या बायकोशी बोलत होतो तसं बोलत राहायचं. एका शब्दाच्या लोभापायी आपण त्याला पिंजऱ्याच्या दाराशी धरून ठेवलंय, आणि वर त्याला देवाचं नाव देतोय.

त्याचा स्वर तुटला. शोनीनं मान वर केली.

“आणि मग,” बेवन म्हणाला, गाण्याशिवाय, साध्या बोलीत, “तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं खिडकी उघडली.”

मग चाल परत आली, पण वेगळी. खालच्या पट्टीतली, आई पोराला दारापर्यंत पोचवायला येते तशी. पाखरा, आता जा. माझ्या हाताची सवय सोड. वाटेनं जाऊ नकोस, वाटेवरचे डोळे उघडे आहेत. सूर्य उगवतो तिकडे जा. तिकडचा पारधी निजलाय. खिडकीखाली आज पाहुणा बसलाय रे, माझा आशीर्वाद संपायची वाट पाहतोय. परत येऊ नकोस. तू परत आलं नाहीस म्हणजेच मला कळेल की कुठंतरी जमीन आहे. जा. माझ्या सोन्या, जा.

मार्गेडचा एप्रनच्या टोकाशी चाललेला हात थांबला. तिनं अम्बलरकडे पाहिलं. तो चालीला मान डोलवत होता.

बेवन साथीसाठी थांबला. जिथं ‘धन्य’ यायला हवा होता तिथं वारा आला. तो आणखी एका ओळीनंतर थांबला. काही नाही.

गेला.

आता त्याला वेळ द्यायला हवा होता. आणि अम्बलरला कान होते. साथ थांबलेली त्याच्या ध्यानात येणार. बेवननं पुढची ओळ घेतली, आणि ती संपताच मागच्या फळीवरून, बसल्या, खरखरीत आवाजात, “धन्य!” आला. शोनी. पाच वर्षांत प्रवचनात ज्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं तो शोनी. मग दोन्ही भाऊ. मग मार्गेड, असली घोगरी की अम्बलर दचकला.

तासभर बेवन रिकाम्या ओंडक्याकडे तोंड करून गायला. सगळं गायला. मग त्यानं दोन्ही हात उचलले आणि आशीर्वाद म्हटला.

शिट्टी वाजली. रस्त्याकडचा शिपाई धावला, पूर्वेकडचा टोपी शोधत उठला. ओंडक्यात मिळाला अर्ध्या रोटीचा चुरा आणि दबलेलं गवत. अम्बलरचा चेहरा त्याच्या मिशांसारखा झाला.

“काय सांगितलंस तू त्याला?”

“प्रलयाची गोष्ट साहेब. कबुतराची.”

“बाई, काय म्हणाला हा?”

“कबूतर म्हणाला,” मार्गेड म्हणाली. “सकाळपासून कबूतरच म्हणाला. माझी कंबर मोडली.”

अम्बलरनं चौघांना पाळीपाळीनं विचारलं. कबूतर. कबूतर. कबूतर. त्यानं हाक मारली, “जॉर्जी! माग बघ!”

जॉर्जी ओंडक्यामागे गेला, उकिडवा बसला, बराच वेळ मातीकडे पाहत राहिला. “वाऱ्यानं पुसलं,” तो म्हणाला.

अम्बलर घोड्यावर चढला. जाताना बेवनला म्हणाला, “परवाना मी काढून घेत नाही. का ते मलाही ठाऊक नाही. चाल चांगली होती.” आणि शिपायांना शिव्या देत निघून गेला. त्याच्या बुडाखाली दिवसभर बेडीची कडी होती, ते त्याला कधीच कळलं नाही.

पुढच्या महिनाभरात गोष्ट वसाहतभर झाली. वाम सार्जंटच्या मुठीतून पाण्यासारखा ओघळला, असं गुत्त्यात गायले. तो कबूतर होऊन उडाला, असं बायकांनी सांगितलं. कबूतर कुठून आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तो एकाच दिवशी तीन गावांत दिसला. बेवन लाकूड पोचवायला गावात जायचा तेव्हा पोरं गाडीमागून ते गाणं म्हणत पळायची. “आजोबा, तुम्ही पाहिलात का हो वाम? तुमच्या रानातूनच उडाला ना?”

“नाही रे बाळा,” बेवन म्हणायचा. “मी नाही पाहिला.” आणि ते खरंच होतं.

रविवार येत राहिले. तो उभा राहायचा, चौघं बसायची. शोनी आता दर वेळी ‘धन्य’ म्हणायचा, प्रेमानं म्हणायचा, पण अर्धा श्वास उशिरा. शीड हललं नाही. मार्गेडनं यावेळी शर्टाचं काही काढलं नाही. उलट निघताना त्याच्या हातात लोणी लावलेली रोटी ठेवली आणि म्हणाली, “ओंडक्यात नको ठेवूस. खा.”

पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी जॉर्जी एकटाच, पायी, खड्ड्यापाशी आला.

“तो माणूस,” तो म्हणाला. “त्या दिवशी ओढा ओलांडून गेला. मी नंतर माग वाचत गेलो होतो.”

बेवननं हातावरचा भुसा झटकला.

“पळाला नाही. चालत गेला, हळू. तीनदा थांबला. इकडे पाय वळवून उभा राहिला.” जॉर्जीनं टाच मातीत फिरवून दाखवली. “तिसऱ्यांदा ओढ्याच्या पलीकडे. तिथं खूप वेळ. बसला होता. मग गेला.”

“तिथवर आवाज जातो?”

“वारा तुझ्याकडून होता,” जॉर्जी म्हणाला, आणि आला तसा रानात शिरला.

म्हणजे तो शेवटचा तास रिकाम्या ओंडक्यासाठी नव्हता.

पुढच्या रविवारी प्रवचन झालं, चौघं घरी गेली, आणि दुपार कलल्यावर बेवन पूर्वेकडे चालू लागला. मैलभर. ऊन उतरताना कुरालिन ओढ्यापाशी पोचला. त्याच्या परवान्याची हद्द तिथं संपत होती. पाणी घोट्याएवढंच होतं. एका ढांगेत पलीकडे गेला असता. तो गेला नाही. काठावरच्या दगडावर उभा राहिला, वारा पाठीवर घेतला, आणि सुरू केलं.

तारू डोंगरावर टेकलंय. पाणी उतरलंय. म्हातारा अजून खिडकीशी बसलाय, हात बाहेर काढून. कबूतर आलं नाही. आज आलं नाही, काल आलं नाही. देवा, तुझे उपकार, ते आलं नाही.

प्रत्येक ओळीनंतर तो थांबायचा. एका शब्दापुरती जागा सोडायचा. पलीकडे काळे काकाकुवे कर्कश ओरडत, मग गप्प होत, मग नुसतं पाणी. तेवढा वेळ झाला की तो मान हलवायचा, जणू साथ मिळाली, आणि पुढची ओळ घ्यायचा.

अंधार पडायच्या आत त्याला परतायला हवं होतं. तो परतला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेला.